खिळ्यावरचा नान

शोकिर दोमलांनी ह्वांग साहेबांना फक्त जेवायला बोलावलं होतं. एवढंच! एक माणूस, एक रविवार, एक ताट पुलाव. त्यात शहराच्या कारभाऱ्याची, म्हणजे हाकिमाची, कचेरी, डांबराचा ट्रक, चाळीस पाहुणे आणि एक दात कुठून येऊन पडला, हे दोमलांना अजूनही नीट सांगता येत नाही. तेवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या माणसाला एखादी गोष्ट कुठून आली हे सांगता येऊ नये, यासारखी नामुष्की नाही.

दोमला म्हणजे मास्तर. पण उझबेकिस्तानातल्या कोकंदमध्ये शोकिर दोमलांना त्यांची बायको सोडून सगळे दोमलाच म्हणतात, अगदी भाजीवालासुद्धा. म्हणून आपणही तेच म्हणू.

सुरुवात झाली ती त्यांच्या एका हिशोबी विचाराने. त्यांचा मुलगा बुनयोद चार वर्षांपूर्वी कोरियाला गेला आणि तिथे एका कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायला लागला. आणि आता, या वसंतात, एका कोरियन कंपनीने कोकंदच्या बाहेर, जुन्या कापूस गिरणीच्या जागेवर कारखाना काढला. कशाचा? गाड्यांच्या सीटच्या कव्हरांचा!

"म्हणजे बघ," दोमला रात्रीच्या जेवणाला चमचा हवेत धरून म्हणाले, "आपला मुलगा कव्हरं शिवायला विमानाने त्यांच्याकडे. त्यांचा साहेब कव्हरं शिवून घ्यायला विमानाने आपल्याकडे. मधल्या मधे ते विमान कशाला?"

"विमानाला काय करायचंय," त्यांची बायको मुहय्यो आपा म्हणाल्या. "मुलगा आला म्हणजे झालं."

असं म्हणताना त्यांनी मेहमानखान्याच्या, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीच्या, उघड्या दारातून आत पाहिलं. दिवसातून पंधरा-वीस वेळा त्या असं पाहायच्या. आत भिंतीवर शेजारी शेजारी दोन खिळे होते. एका खिळ्यावर नान टांगलेला होता. बुनयोद निघाला त्या सकाळी, निघणारा प्रत्येक जण घेतो तसा, त्याने आईने भाजलेल्या नानचा एक घास घेतला आणि उरलेला नान भिंतीवर गेला. तो परत येऊन स्वतः संपवेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. चार वर्षांत त्या नानची वीट झाली होती, पण काठावरची चंद्रकोरीसारखी दातांची खूण जशीच्या तशी होती. मुहय्यो आपा दर शुक्रवारी मऊ फडक्याने त्याची धूळ पुसायच्या, आणि खूण आली की फडकं वळवून घ्यायच्या.

दुसरा खिळा रिकामा होता. पूर्वी तिथे घड्याळ होतं, ते बंद पडलं. खिळा कुणी काढला नाही. मात्र धाकटी मुलगी दुर्दोना, वय वर्षं सोळा, कोरियन भाषेच्या शिकवणीला जायला लागल्यापासून मुहय्यो आपांची नजर त्या खिळ्यावरही जायला लागली होती. त्याबद्दल त्या काही बोलायच्या नाहीत. पण दुर्दोनाची वही दिसली की भांडी जरा जोरात आपटायच्या.

तर ती वहीच कामाला आली. कारखान्याच्या उद्घाटनाला रेशमी पोशाख घालून, हातात नानचं तबक घेऊन स्वागताला उभी होती ती दुर्दोना, आणि ती कारखान्याच्या मोठ्या साहेबांशी, ह्वांग साहेबांशी, चक्क त्यांच्या भाषेत सहा वाक्यं बोलली! सहाही बरोबर! साहेबांचे डोळेच भरून आले. म्हणाले, तीन महिने झाले, हॉटेलच्या खोलीत गरम पाणी ओतून शेवया खातोय. दुर्दोनाने तिथेच त्यांना शिकवलं की आमच्याकडे समोर नान आला की एक तुकडा तोंडात घालायचाच, नाही घातला तर यजमानाचं मन मोडतं. साहेबांनी खिशातून छोटी वही काढून ते लिहून घेतलं. आणि दुर्दोनाने, आईला न विचारता, रविवारी बाराचं आमंत्रणही देऊन टाकलं.

"वाघीण आहे माझी!" दोमला म्हणाले. "जेवण झालं, चहा झाला, की मी सहज विषय काढीन. साहेब, आमचा मुलगा हेच काम करतो, त्याला इथेच घ्या. बस. दोन मिनिटांचं काम."

दोन मिनिटांचं काम! हे शब्द त्यांनी नंतर परत कधी उच्चारले नाहीत.

पहिला आला समोरचा तोलिब आका. तोलिब आकाने तरुणपणी चीनच्या हद्दीपर्यंत ट्रक नेला होता, त्यामुळे पूर्वेकडच्या झाडून सगळ्या देशांवर त्याचा शब्द शेवटचा मानला जायचा, निदान तो स्वतः मानायचा.

"दोमला, साहेब आधी काय बघणार?"

"मला."

"छे! दार बघणार. आणि तुमचं दार कसं दिसतंय? गाढवाने चाटल्यासारखं. निळा रंग मारा. पूर्वेकडच्या लोकांना निळा फार आवडतो."

दोमलांनी निळा रंग आणला. अर्धं दार झालं तोवर शेजारची सानोबार मावशी भिंतीवरून डोकावली. "अगं बाई, निळा? निळा दवाखान्याला देतात. पाहुण्याला वाटेल इंजेक्शन द्यायला बोलावलंय." उरलेलं अर्धं दार हिरवं झालं. दोमला लांब जाऊन बघून आले आणि म्हणाले, "नकाशात असंच असतं. समुद्र आणि मैदान." घरात कुणी हसलं नाही.

पण दाराचं काय घेऊन बसलात! दाराला रंग लागलेला बघून मोहल्ल्याचा रईस आला. नुमोन रईस म्हणजे आमच्या तिथला सरपंच समजा. कमरेवर हात ठेवून तो दारासमोर उभा राहिला.

"परदेशी साहेब मोहल्ल्यात येणार, आणि रईसला रंगाच्या वासावरून कळणार? शोभतं का दोमला हे? हाकिमाच्या कचेरीला कळवावं लागेल."

"अरे, जेवायला येतोय तो."

"तेच लिहून द्या."

दोमला कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी एक कागद पुढे केला. भेटीचा उद्देश, असा रकाना होता. दोमलांनी सुंदर अक्षरात लिहिलं, 'जेवण.' बाईंनी चष्मा वर करून पाहिलं.

"जेवण हा उद्देश यादीत नाही, दोमला. गुंतवणूक आहे, संस्कृती आहे, क्रीडा आहे. यातलं एक."

दोमलांनी प्रामाणिकपणे विचार केला. गुंतवणूक म्हणावं तर घरात गुंतवायला मेंढीची चरबी आणि गाजरं. क्रीडा म्हणावं तर गुडघे दुखतात. त्यांनी 'संस्कृती'वर खूण केली, आणि घरी आले. इथे ते फसले. कारण संस्कृती म्हटलं की कचेरीच्या नियमाप्रमाणे दोन नर्तकी, एक डफवाला आणि माणसाहून लांब दोन कर्णे वाजवणारे आपोआप येतात! आणि संस्कृतीला बघायला माणसं लागतात. शुक्रवारी यादी आली. चाळीस नावं. शिक्षण विभाग, पाणी विभाग, महिला समिती, वर्तमानपत्राचा फोटोवाला. दोमलांनी आपलं नाव शोधलं. ते अडतिसावं होतं, विद्युत विभागाच्या खाली. 'यजमान (घरमालक)'.

"माझ्याच घरात मी अडतिसावा?"

"एकोणचाळिसावा पुलाव करणारा आहे," मुहय्यो आपा म्हणाल्या. "त्याच्या वर आहात."

त्याच दिवशी डांबराचा ट्रक आला. गेली अकरा वर्षं दोमला गल्लीतल्या खड्ड्यासाठी अर्ज करत होते. खड्ड्याला त्यांनी वर्गात उदाहरण म्हणूनही वापरलं होतं, अंतर्गत जलाशय म्हणून. आता न मागता डांबर आलं! झाडांच्या बुंध्यांना कमरेपर्यंत चुना लागला, सगळ्या भिंती एका रंगाच्या झाल्या, आणि माणसं इतक्या हौसेने डांबर ओतत गेली की गल्लीच्या कडेने वाहणाऱ्या पाटाचं तोंडही त्यांनी गुळगुळीत बुजवून टाकलं. नुमोन रईस त्यावर पाय आपटून म्हणाला, "आरसा! आरसा झालाय!"

शनिवारी संध्याकाळी पाटाला पाणी सोडायची पाळी होती. पाणी आलं. पाटाचं तोंड शोधत थोडा वेळ घुटमळलं, मग दोमलांच्या अर्ध्या निळ्या, अर्ध्या हिरव्या दाराखालून आत शिरलं. पाणी उताराकडे जातं, हे दोमलांनी दर वर्षी पाचवीला शिकवलं होतं, आता ते स्वतः नडगीपर्यंत त्याचा पुरावा घेऊन उभे होते. अंगणाचा उतार नेमका मुहय्यो आपांच्या नानच्या भट्टीकडे होता. मातीची भट्टी! आधी ओली झाली, मग कलली, मग एखाद्या थकलेल्या म्हातारीसारखी हळूच खाली बसली.

मुहय्यो आपा मळलेल्या पिठाची परात घेऊन उभ्याच राहिल्या. "बुनयोदचा नान हिच्यातलाच," एवढंच म्हणाल्या आणि परात झाकून टाकली.

दोमला पाण्यातून त्यांच्याजवळ आले. ते म्हणाले, "तोलिब आका सकाळी बाजारातून चाळीस नान आणेल." माणसाला जे बोलायचं असतं ते सुचलं नाही की तो असंच काहीतरी बोलतो.

रविवारी साडेअकराला सगळा मोहल्ला गल्लीच्या तोंडाशी. कर्णे आभाळाकडे, नर्तकी सज्ज, दुर्दोना रेशमी पोशाखात, दोमला लग्नातल्या सुटात, आणि सुटाच्या खिशात मुलासाठी तयार केलेलं दोन मिनिटांचं भाषण. बारा वाजले. सव्वाबारा झाले. गाडी नाही. विद्युत विभाग घड्याळ बघायला लागला. "येतील हो," नुमोन रईस म्हणाला, "मोठी माणसं उशिराच येतात."

आणि मोठी माणसं कुठे होती? आत! दोमलांच्या घरात!

झालं होतं असं. साहेब पावणेबाराला आले होते, कारण त्यांच्याकडे बारा म्हणजे पावणेबारा. नवं डांबर लांबूनच बघून ड्रायव्हर गाडी पुढे न्यायला धजला नाही, म्हणून साहेब मागच्या गल्लीतून पायी आले आणि मागच्या दारावर टकटक केली. घरात एकट्या मुहय्यो आपा, घागरा चिखलाने माखलेला. त्यांनी छातीवर हात ठेवला, साहेबांनी कमरेत वाकून नमस्कार केला, आणि भाषा तिथे संपली. आपांनी त्यांना मेहमानखान्यात सर्वांत मानाच्या गादीवर, दाराच्या समोर बसवलं आणि चहा आणायला गेल्या. पाणी गरम व्हायला वेळ लागतोच.

दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, बदाम होते, मनुका होत्या, खडीसाखर होती. नान नव्हता. नान अजून तोलिब आकाच्या ट्रकमध्ये होता.

साहेब वाट बघत बसले. दहा मिनिटं. वीस मिनिटं. बाहेरून लोकांचा गलका येतोय, आत कुणी नाही. आणि समोर भिंतीवर, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, मानाने टांगलेला नान! त्यातला एक घास आधीच कुणीतरी घेतलेला. साहेबांनी वही काढली, लिहिलेलं वाचलं, आणि त्यांना सगळं लख्ख कळलं. या घरात पाहुण्याने येऊन घास घ्यायचा असतो. मागचा पाहुणा घेऊन गेला, आता आपली पाळी. आपण घेत नाही म्हणूनच बिचारे यजमान तोंड दाखवत नाहीत! ते उठले, नान दोन्ही हातांनी खाली काढला, आणि मन लावून चावा घेतला.

चार वर्षांचा नान!

आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत आला असं सानोबार मावशी शपथेवर सांगते. तिचं सोडा, पण मुहय्यो आपांची किंकाळी मात्र नक्की आली. सगळी संस्कृती आत धावली, कर्ण्यांसकट. मेहमानखान्यात साहेब एका हाताने गाल धरून उभे, दुसऱ्या हातात बुनयोदचा नान, आणि त्या नानच्या काठावर साहेबांचा अर्धा पुढचा दात.

मोहल्ल्यात तो नान कुणाचा हे माहीत नसलेलं एक शेंबडं पोरही नव्हतं. मग महिला समितीच्या बाई पुटपुटल्या, "हाय, मुलाचा नान," आणि त्याच वेळी नुमोन रईस ओरडला, "हाय, गुंतवणूकदाराचा दात!"

पुढच्या तीन मिनिटांत सहा गाड्या साहेबांना घेऊन दातांच्या डॉक्टरकडे गेल्या. कुणाच्या मांडीवर कोण बसलं याचा पत्ता नाही. दोमला शेवटच्या गाडीमागे खिशातलं भाषण धरून चार पावलं पळाले, पण त्यांचा नंबर अडतिसावा होता. फोटोवाल्याने रिकाम्या गल्लीत नाचणाऱ्या नर्तकींचे फोटो काढले. पुलाव विद्युत विभागाने संपवला. 'फारच छान, गाजर जरा कमी,' असं सांगून गेले.

संध्याकाळी बुनयोदचा फोन आला. फोनवर त्याचा चेहरा, मागे मशिनींची रांग. दोमलांनी सगळं सांगितलं. बुनयोद हसला, इतका हसला की फोन हलायला लागला. "दात? खरंच दात? आणि कर्णे वाजतच होते?"

मग मुहय्यो आपांनी फोन घेतला. "बाळा, तुझ्या नानला दुसऱ्याचं तोंड लागलं रे."

तिकडे हसू थांबलं. "तो अजून आहे, आई?"

"मग काय टाकून देणार होते?"

"मला वाटलं... चिमण्यांना घातला असशील." मग म्हणाला, "ठेवतो. जादा पाळी आहे."

दोमला अंगणात जाऊन भट्टीच्या चिखलाजवळ उभे राहिले. सूट अजून अंगावर होता.

बुधवारी मागच्या दारावर टकटक झाली. ह्वांग साहेब! एकटे. टाय नाही, गाल टोमॅटोसारखा. ते इतके खाली वाकले की दोमलांना वाटलं काहीतरी पडलंय, ते पण शोधायला वाकले.

"अब्बा, ते माफी मागतायत," दुर्दोना म्हणाली. "डॉक्टरकडच्या नर्सने त्यांना सांगितलं तो नान कसला होता ते."

चहा झाला. दोमलांनी खिशातून भाषण काढलं, पाहिलं, आणि परत घडी करून ठेवलं. "विचार त्यांना," ते दुर्दोनाला म्हणाले. "बुनयोदला इथे काम मिळेल का?"

साहेब बराच वेळ बोलले. दुर्दोना ऐकत होती, मध्येच ओठ चावत होती.

"म्हणतायत, पुढच्या वर्षी दुसरी इमारत होईल, तेव्हा मशिनींवर देखरेख करणारा लागेल. त्याचं नाव लिहून घेतो. पण पगार तिकडच्यासारखा नसेल, आणि तो येईल का, हे ते नाही सांगू शकत." मग जरा थांबून, "त्यांची मुलगी नऊ वर्षांची आहे, अब्बा. तिचा दुधाचा दात पडला तेव्हा ते घरी नव्हते. म्हणतात, तिला फोनवर तुटलेला दात दाखवला तर ती खूश झाली. म्हणाली, आता आपण दोघं सारखे."

मुहय्यो आपा एवढा वेळ दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "यांना सांग, पुढच्या महिन्यात घरी जाणार आहेत ना सुट्टीला? जायच्या आदल्या दिवशी इथे या म्हणावं. तोवर भट्टी उभी करते."

आणि त्यांनी केली! दोमलांनी माती कालवली, तोलिब आकाने सल्ले कालवले. भट्टी जराशी वाकडी झाली, पण पहिला नान फुगला तेव्हा मुहय्यो आपांचा चेहराही तसाच फुगला. एक नान साहेबांसोबत गेला, स्वच्छ फडक्यात गुंडाळून. कागदावर बुनयोदचा पत्ता.

पाच आठवड्यांनी साहेब परत आले. नवा दात चकचकीत. पिशवीतून त्यांनी तेच फडकं काढलं, धुतलेलं, इस्त्री केलेलं. त्यात नान होता. आणि नानच्या काठाला एक घास घेतलेला.

साहेब म्हणे तीन तास गाडी चालवून त्याच्या खोलीवर गेले होते. बुनयोदने नान हुंगला, बराच वेळ हुंगला, एकच घास खाल्ला आणि बाकीचा परत गुंडाळून दिला. नोकरीचं विचारलं तर 'बघू' म्हणाला. एवढं मात्र म्हणाला, "आईला सांगा, जुना खराब झाला. आता हा टांगा."

विमानतळावर अधिकाऱ्याने साहेबांना विचारलं म्हणे, अर्धा खाल्लेला नान कशाला नेताय? साहेबांनी वही काढून त्याला पूर्ण पद्धत समजावली. मागे रांग लागली होती.

दोमला त्या 'बघू'वर अडकले होते. बघू म्हणजे हो की नाही? नकाशात अशी जागा कुठे असते? ते विचारणार होते, पण मुहय्यो आपांनी खिळ्यावरचा जुना नान खाली काढला होता. त्यांनी दोन्ही नान मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. जुन्यावर एकोणीस वर्षांच्या पोराची चंद्रकोर, तिच्याजवळ साहेबांची खाच. नव्यावर नवा घास. आपांनी बोटाने आधी एक मापला, मग दुसरा. परत पहिला.

"बघा हो," त्या म्हणाल्या. "मोठा झालाय घास."

दोमलांनी पाहिलं. खरंच मोठा होता. एवढा मोठा घास घेणारा मुलगा त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

मुहय्यो आपा उठल्या. जुना नान जुन्या खिळ्यावर गेला, नवा दुसऱ्यावर. मग हात झटकून त्यांनी वळून दुर्दोनाकडे पाहिलं, दुर्दोनाच्या काखेतल्या कोरियन वहीकडे पाहिलं.

"खिळे संपले," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी भिंतीवर जागा नाही."